मालगाडी घसरते तेव्हा चौकशी कोण करते?

ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अमरावती जिल्ह्यातील मालखेड आणि टिमटाळा या स्थानकांदरम्यान कोळशाने भरलेल्या मालगाडीच्या वीस वाघिणी रुळावरून घसरल्या. वर्धा–बडनेरा हा विदर्भाला मुंबईशी जोडणारा मुख्य मार्ग. तो अडल्यामुळे सणासाठी गावी निघालेल्या प्रवाशांच्या गाड्या रद्द झाल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. वर्तमानपत्रांत रद्द गाड्यांच्या याद्या आल्या, परताव्याच्या खिडक्या कुठे उघडल्या आहेत हे छापून आले, रूळ मोकळा झाल्याची बातमी आली आणि विषय मिटला. त्यानंतर १० डिसेंबर २०२३ रोजी कसाऱ्याजवळ, २८ मे २०२४ रोजी पोलादाची वेटोळी वाहणारी गाडी पालघर येथे, आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी भर पावसाळ्यात सोनावळी आणि दूधसागर यांच्यामधल्या घाटात कोळशाची गाडी घसरली. या प्रत्येक वेळी बातमीची चाल तीच होती. वाहतूक किती तास विस्कळीत राहिली याचा हिशेब सविस्तर मिळाला. गाडी का घसरली याचा सविस्तर अहवाल सामान्य वाचकापुढे ठेवण्याची आपल्याकडे पद्धतच नाही.

मनुष्यहानी झाली नाही, एवढ्या एका वाक्यावर आपण समाधान मानतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या रुळावरून ती मालगाडी घसरली त्याच रुळावरून तासा-दोन तासांच्या अंतराने प्रवासी गाडी जाते. रूळ तडकला असेल, खडी खचली असेल, सांध्यात दोष असेल, तर तो दोष गाडीत कोळसा आहे की माणसे आहेत हे पाहून आपले काम करीत नाही. म्हणून मुख्य मार्गावर मालगाडी घसरणे हा रेल्वे सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर अपघातच मानला पाहिजे, आणि त्याची चौकशी रेल्वे प्रशासनाबाहेरच्या यंत्रणेने करून तिचा अहवाल जाहीर केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज कायदा काय सांगतो ते आधी पाहू. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ११४ नुसार प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीला अपघात होऊन त्यात मृत्यू झाला, प्रवाशाला कायमचे अपंगत्व येण्याइतकी गंभीर दुखापत झाली किंवा रेल्वेच्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाले, तर रेल्वे सुरक्षा आयुक्ताने चौकशी करणे बंधनकारक आहे. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत मुद्दाम ठेवलेला आहे, कारण ज्याच्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे त्यानेच न्यायनिवाडा करू नये, हे तत्त्व आपण फार पूर्वीच मान्य केले आहे. आयुक्त जिथे चौकशी करीत नाही तिथे कलम ११५ लागू होते आणि रेल्वे प्रशासन स्वतःच चौकशी करते. मालगाड्यांचे जवळजवळ सगळे अपघात या दुसऱ्या दारातून आत जातात.

ही घरची चौकशी कशी चालते हे समजून घेण्यासारखे आहे. गाडी घसरली की विभागीय मुख्यालयात भोंगा वाजतो. भुसावळ किंवा दौंडसारख्या रेल्वेच्या गावांत त्या भोंग्यावरून वसाहतीतल्या बायाबापड्यांनाही कुठे तरी गाडी पडल्याचे कळते. मदतगाडी क्रेन, जॅक आणि लाकडी ठोकळे घेऊन निघते. तिच्याबरोबर किंवा तिच्या आगेमागे रूळ विभागाचे, वाघिणी तपासणाऱ्या विभागाचे आणि वाहतूक विभागाचे पर्यवेक्षक पोहोचतात. चाकाची कड रुळाच्या माथ्यावर कुठे चढली आणि चाक खाली कुठे उतरले, या दोन जागा ते शोधतात. रुळाच्या माथ्यावर उमटलेली बारीक तिरपी रेघ ही पहिल्या जागेची खूण, आणि सिमेंटच्या स्लीपरवर पडलेले घाव ही दुसरीची. तिथून मागे-पुढे ठरावीक अंतरावर रुळांमधील रुंदी आणि दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक मोजतात, घसरलेल्या वाघिणीची चाके आणि स्प्रिंगा मोजतात, आणि सगळे मिळून एका संयुक्त टिपणावर सह्या करतात. इथपर्यंत पद्धत शास्त्रशुद्ध आहे. अडचण सह्यांपाशी सुरू होते, कारण प्रत्येक पर्यवेक्षकाच्या मागे त्याचा विभाग उभा असतो. रूळवाल्यांना वाघिणीची स्प्रिंग कमकुवत दिसते, वाघिणीवाल्यांना रूळ वाकडा दिसतो, आणि दोघांचे एकमत झालेच तर चालकाने ब्रेक चुकीचा लावला असे निघते. भिन्नमताची पुरवणी जोडली जाते आणि कागद वर सरकतो. दरम्यान लाइन मोकळी करण्याचा दबाव एवढा असतो की तुटलेले स्लीपर बाजूला फेकले गेलेले असतात आणि वाकलेल्या वाघिणी गॅसने कापल्या गेलेल्या असतात. पुन्हा तपासायला फारसे काही उरत नाही.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२२ च्या अखेरीस संसदेत मांडलेला अहवाल नेमका गाड्या घसरण्याच्या प्रश्नावरच होता. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांत रेल्वेवर एकूण २०१७ अपघात झाले आणि त्यांपैकी १३९२ गाड्या घसरण्याचे होते. रेल्वे आपल्या जाहीर आकडेवारीत ज्यांना ‘गंभीर परिणामांचे अपघात’ म्हणते ते मात्र २१७ आणि त्यांतले घसरण्याचे १६३. म्हणजे घसरण्याच्या दर नऊ घटनांतल्या आठ त्या ठळक आकड्यात दिसतच नाहीत. यार्डात हलक्या वेगाने एखादे चाक खाली उतरणे आणि मुख्य मार्गावर वीस वाघिणी उलटणे यांत अर्थातच फार अंतर आहे. या आठांतल्या बहुसंख्य घटना पहिल्या प्रकारच्या असणार, हेही उघड आहे. पण महालेखापरीक्षकांनी ११२९ चौकशी अहवाल वाचल्यावर जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे. ४२२ घटनांत जबाबदारी रूळ आणि बांधकाम सांभाळणाऱ्या अभियांत्रिकी विभागावर येत होती आणि त्यांतल्या १७१ घटना सरळ रुळाच्या देखभालीशी निगडित होत्या. ६३ टक्के प्रकरणांत चौकशीचा अहवाल ठरलेल्या मुदतीत सादरच झाला नव्हता. रुळांची मोजणी करणाऱ्या विशेष गाड्यांच्या फेऱ्या ठिकठिकाणी ठरल्यापेक्षा कितीतरी कमी झाल्या होत्या. सुरक्षेसाठी २०१७-१८ पासून उभारलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या राष्ट्रीय रेल संरक्षा कोशातून भांडी आणि पायांना मसाज करणारी यंत्रे घेतल्याच्या नोंदीवर तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ विनोद झाले. मला विचाराल तर त्या यंत्रांपेक्षा मुदतीत न आलेले अहवाल अधिक महाग पडतात.

रेल्वेमार्गाच्या कडेला वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसांना मालगाडी आधी आवाजावरून कळायची. मनमाडला अन्न महामंडळाच्या गोदामांकडे जाणारी धान्याची गाडी, पानेवाडीच्या तेलाच्या टाक्या, नाशिकजवळच्या एकलहऱ्याला आणि भुसावळच्या वीजकेंद्राला जाणारा कोळसा, या सगळ्यांची चाल वेगळी असे. भरलेली गाडी जमिनीतून घुमत यायची आणि रिकामी गाडी खडखडत, पत्र्याचा आवाज करीत. मध्येच एखादे चाक ठरावीक तालात ठक्‌ ठक्‌ वाजत जायचे. ब्रेक अडकून चाक फिरायचे थांबते आणि रुळावर घासत जाते, तेव्हा त्याला एका जागी सपाटी येते आणि मग ते दर फेऱ्याला रुळावर हातोड्यासारखे आदळत राहते. स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन फलाटावर उभा राहायचा तो केवळ रिवाज म्हणून नव्हे. असा आवाज, धूर निघणारा अॅक्सल, लोंबणारा भाग टिपणे हे त्याचे काम होते. शेवटच्या डब्यातला गार्ड त्याला उत्तरादाखल झेंडा दाखवायचा. जानेवारी २०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, आणि गाडी पूर्ण आहे की नाही हे सांगणारे उपकरण शेवटच्या वाघिणीला लावून गार्डाशिवाय मालगाडी चालवण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्या झेंड्यांबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. चाकाचा आघात आणि अॅक्सलची उष्णता मोजणारी रुळाकाठची यंत्रे माणसाच्या कानापेक्षा नक्कीच भरवशाची आहेत. प्रश्न एवढाच आहे की मास्तरने पाहिलेले किमान फलाटावरच्या चार माणसांनाही दिसत असे, आणि यंत्राने टिपलेले कोणाला दिसते.

या आठवणींतल्या गाडीपेक्षा आजची गाडी फार जड आहे. २००५ नंतर रेल्वेने उघड्या वाघिणीत पूर्वीपेक्षा आठ-दहा टन अधिक माल भरण्यास परवानगी दिली. अॅक्सलवरचे वजन २०.३ टनांवरून २२.८ टनांच्या आसपास गेले. त्या काळात रेल्वे फायद्यात आल्याची जी वाहवा झाली तिच्यात या वाढीव वजनाचा वाटा मोठा होता. अठ्ठावन्न वाघिणींची भरलेली कोळशाची गाडी आज पाच हजार टनांच्या वर जाते. १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोरब्याहून राजनांदगावकडे ‘सुपर वासुकी’ नावाने पाच भरलेल्या मालगाड्या जोडून २९५ वाघिणींची साडेतीन किलोमीटर लांब गाडी चालवून दाखवण्यात आली. २०२४-२५ मध्ये रेल्वेने १६० कोटी टनांहून अधिक माल वाहिला, आणि रेल्वेच्या उत्पन्नाचा जवळपास दोन-तृतीयांश हिस्सा मालवाहतुकीतून येतो. प्रवाशांचे तिकीट स्वस्त ठेवणे ज्या पैशावर चालते तो पैसा मालगाडी कमावते. तेव्हा माझा रोख जड गाड्यांवर नाही. रस्त्यावरच्या ट्रकांपेक्षा तो माल रुळावरून जाणे देशाच्या हिताचेच आहे. मात्र रुळाची झीज वजनाच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढते, आणि झीज वाढली की देखभालीसाठी अधिक वेळ लागतो. तो वेळ, म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक’, मुंबई–हावडा किंवा मुंबई–दिल्लीसारख्या खच्चून भरलेल्या मार्गावर मागूनही मिळत नाही. गँगमन हातोडा आणि पाना घेऊन तयार आहे, पण गाड्यांच्या रांगेमुळे त्याला रूळ मोकळा मिळत नाही, हे चित्र कोणत्याही मोठ्या विभागात दिसेल. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून वाकतात, हिवाळ्याच्या पहाटे आकसून जोडाच्या जागी तडकतात. निसर्गाचे हे वेळापत्रक कोणाच्या ब्लॉकसाठी थांबत नाही.

घसरण्याचे शास्त्रही लोकांना वाटते तितके सरळ नाही. चाकावर खाली दाबणारे वजन आणि त्याला बाजूला ढकलणारे बल यांचा तोल बिघडला की चाकाची कड रुळाच्या अंगावर चढू लागते. त्यामुळे वळणावर रिकामी वाघीण भरलेलीपेक्षा अधिक सहज घसरू शकते, कारण तिच्यावर दाबून धरणारे वजनच कमी असते. आणि एका बाजूला माल जास्त भरला असेल तर भरलेली वाघीणही हलक्या बाजूने उचलली जाते. पालघरसारख्या ठिकाणी पोलादाच्या वेटोळ्यांची गाडी घसरते तेव्हा माल कसा ठेवला होता, कसा बांधला होता, रुळाचा तिरकसपणा किती होता, वेग किती होता, ही सगळी माहिती एकत्र तपासावी लागते. ती तपासण्यासाठी ज्याला कोणत्याच विभागाची बाजू सांभाळायची नाही असा माणूस लागतो.

असा माणूस आला की काय फरक पडतो, याचे उदाहरण पश्चिम बंगालमधल्या रांगापानीचे आहे. १७ जून २०२४ रोजी तिथे एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीच्या चालकाने सिग्नल मानला नाही, असे रेल्वे मंडळाच्या वतीने त्याच दिवशी सांगितले गेले. तो चालक अपघातात मरण पावला होता. त्याला खुलासा करणे शक्यच नव्हते. परंतु प्रवासी मरण पावल्यामुळे कायद्यानुसार रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली, आणि तिच्यातून वेगळेच चित्र पुढे आले. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते, बिघडलेले सिग्नल ओलांडण्यासाठी चालकांना दिलेले अधिकारपत्र त्या परिस्थितीला लागू पडणारे नव्हते, वेग किती ठेवायचा याबद्दल वेगवेगळ्या चालकांची समजूत वेगवेगळी होती आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात उणीव होती. हा अपघात कधी ना कधी होणारच होता, असा त्या अहवालाचा सूर होता. आता समजा, त्या दिवशी पुढे प्रवासी गाडी नसून रिकामी मालगाडी उभी असती, तर मृत चालकाच्या माथी दोष मारून प्रकरण विभागाच्या दप्तरात गेले असते आणि त्याच चुकीच्या अधिकारपत्रावर पुढच्या गाड्या धावत राहिल्या असत्या.

हीच गोष्ट कठुआची. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी खडी भरलेली त्रेपन्न वाघिणींची गाडी जम्मूतील कठुआ स्थानकातून चालकाशिवाय निघाली आणि उतारावरून वेग घेत पंजाबातील ऊंची बस्सीपर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर धावली. कोणी मेले नाही, म्हणून समाजमाध्यमांवर तिची चित्रफीत गंमत म्हणून फिरली आणि काही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कॅनडातील लाक-मेगांटिक या गावात ६ जुलै २०१३ रोजी याच प्रकारची, उतारावर उभी करून ठेवलेली बहात्तर टाक्यांची गाडी चालकाशिवाय सुटली; तिच्यात कच्चे तेल होते आणि सत्तेचाळीस माणसे जळून मेली. तिथल्या स्वतंत्र वाहतूक सुरक्षा मंडळाने हातब्रेक पुरेसे न लावणाऱ्या चालकावर न थांबता अपघाताची अठरा कारणे शोधली, आणि त्यांत कंपनीची सुरक्षा संस्कृती आणि सरकारी देखरेख यांचाही समावेश होता. कठुआच्या गाडीत खडी होती, हा योगायोग होता. आपल्याकडे तेलाच्या गाड्या काही कमी धावत नाहीत. १३ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेल वाहणारी गाडी घसरून पेटली तेव्हा आकाशात चढलेला काळा धूर साऱ्या देशाने पाहिला. अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन या गावी फेब्रुवारी २०२३ मध्ये विषारी रसायने वाहणारी मालगाडी घसरली, तेव्हा अपघातस्थळी एकही माणूस मेला नव्हता. तरीही तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, गावातच जाहीर सुनावणी घेतली आणि तापलेल्या बेअरिंगपासून ते रसायन जाळून टाकण्याच्या अनावश्यक निर्णयापर्यंत सगळे काही छापून जनतेपुढे ठेवले. अमेरिकेतल्या खासगी रेल्वे कंपन्या सुरक्षेच्या बाबतीत आदर्श आहेत असे मुळीच नाही. तिथल्या गावकऱ्यांना उत्तर मागण्याची जागा मिळाली, एवढेच मला सांगायचे आहे. दूधसागरच्या घाटाखालील गावांना, जिथे मुरगाव बंदरातून जाणाऱ्या कोळशाच्या वाहतुकीवरून आणि दुपदरीकरणावरून वर्षानुवर्षे वाद चालू आहे, तशी जागा नाही.

या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप आकडेवारीचा आहे. गंभीर परिणामांचे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, ते २०२४-२५ मध्ये ३१ वर आले, असे रेल्वे मंत्रालय सांगते. ही घट खरी आहे आणि तिचे श्रेय नवे रूळ टाकणाऱ्यांना, जुने सिग्नल बदलणाऱ्यांना दिलेच पाहिजे. पण अपघात दुर्मीळ होत जातात तसतसे प्रत्येक छोट्या घटनेतून शिकण्याचे महत्त्व वाढते, कारण शिकण्यासाठी मोठ्या घटना उरत नाहीत. विमान वाहतुकीने हे केव्हाच ओळखले आहे. तिथे थोडक्यात हुकलेली टक्करही तपासली जाते. दुसरा युक्तिवाद असा केला जातो की मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग झाले की प्रश्नच मिटेल. दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतचा १५०६ किलोमीटरचा पश्चिम मार्ग नक्कीच उपयोगी आहे, जरी त्यातला महाराष्ट्रातला टप्पा सर्वांत शेवटी रेंगाळला. मात्र विदर्भाचा आणि छत्तीसगडचा कोळसा ज्या मुंबई–हावडा मार्गाने येतो तिथे प्रवासी आणि माल अजून एकाच रुळावर आहेत, आणि कसारा किंवा खंडाळ्याच्या १:३७ च्या चढावर मागून जोर लावणारी बँकर इंजिने लावून दोघांनाही एकाच घाटातून न्यावे लागते.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो मला मान्य आहे. यार्डातल्या प्रत्येक चाकामागे सुरक्षा आयुक्त धावू शकणार नाहीत. म्हणून निकष ठरवावेत. मुख्य मार्गावर गाडी घसरून शेजारचा रूळ अडला, ज्वालाग्राही किंवा विषारी माल होता, घटना घाटात घडली, गाडी चालकाशिवाय सुटली किंवा त्याच विभागात वर्षभरात दुसऱ्यांदा गाडी घसरली, तर चौकशी स्वतंत्रच व्हावी. यातही त्रुटी आहेत. आयोगातले अधिकारी बहुधा रेल्वेच्याच सेवेतून येतात आणि त्यांचे अहवालही नेहमी वेळेवर लोकांपुढे येत नाहीत. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे मंडळापासून वेगळे, वैधानिक सुरक्षा प्राधिकरण नेमण्याची शिफारस केली होती. त्या समितीने सुचवलेले नवे डबे आले, निधीही उभा राहिला, पण ते प्राधिकरण मात्र कागदावरच राहिले. ज्या शिफारशीत खरेदी होती ती अमलात आली आणि जिच्यात अधिकार सोडावा लागत होता ती राहून गेली, असा याचा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येणार नाही.

प्राधिकरणाची वाट पाहात बसण्याचीही गरज नाही. ज्या कलम ११४ ने मालगाडीला वगळल्यासारखे वाटते त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे मूळ नियमाला जोडलेल्या पुरवणी वाक्यात, इतर कोणत्याही अपघाताची चौकशी आवश्यक वाटल्यास ती करण्याची मुभा आयुक्ताला दिलेली आहे. वरचे निकष त्या परंतुकाखाली कार्यपद्धती म्हणून जाहीर करायचे, आणि कलम ११५ खाली रेल्वेने स्वतः केलेल्या चौकशांचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची नावे वगळून, ठरावीक मुदतीत संकेतस्थळावर टाकायचे, एवढे आजच्या कायद्यात बसते. मालखेड, कसारा, पालघर आणि दूधसागर या चार अपघातांचे कागद विभागीय कार्यालयांत असतीलच. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.